किडनीचा आजार असलेल्या मुलांचं खाणं आणि वाढ: पथ्य आधी की पोट आधी?

रानजाई

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढते आहे, आणि विषय मनाला लागलेला आहे.

माझा भाचा चार वर्षांचा आहे. जन्मतःच मूत्रमार्गात झडप होती. लघवी तुंबून दोन्ही किडन्यांवर ताण आला. ऑपरेशन लवकर झालं, पण किडन्यांचं व्हायचं ते नुकसान आधीच झालं होतं. आता आजार पाचपैकी चौथ्या टप्प्यात आहे. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी बिघडली की वाढतो) १.६, वजन १३ किलो, उंची ९२ सेंमी. त्याच्या वयाच्या मुलांत तो दोन वर्षांनी लहान दिसतो.

घरात जो तो त्याच्या ताटातून काहीतरी काढून घेतोय. कुणी दूध बंद केलं, कुणी अंडं. केळं तर दिसलं तरी लपवतात. मीठ नाहीच. आजाराच्या धास्तीने सगळे हे मायेपोटीच करतात, ते मला कळतं. पण पोर आधीच चार घासांत तोंड फिरवतं आणि त्या चार घासांतलाही जीव काढून घेतलाय. माझं स्पष्ट मत आहे की वाढत्या मुलाला आधी पोटभर मिळालं पाहिजे, पथ्य त्यानंतर. बहीण दोन्हीकडून कात्रीत सापडली आहे.

ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांनी खाण्याचं आणि वाढीचं गणित कसं बसवलं?

चकोर

रानजाईताई, तुमच्या मताला पूर्ण अनुमोदन. आमच्या लेकीचा आजार तिसऱ्या टप्प्यात आहे. पहिल्या भेटीत आहारतज्ज्ञ बाईंनी काय बंद करायचं याची यादी दिलीच नाही. आधी विचारलं, "दिवसभरात ती नक्की किती खाते?" तीन दिवस सगळं लिहून आणायला लावलं, सांडलेलं आणि उरलेलंसुद्धा. ते वाचून आमचेच डोळे उघडले. ताटात वाढलेलं आणि पोटात गेलेलं यात निम्म्याचा फरक होता.

कातळ

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. माझ्या वडिलांना किडनीचा आजार होता. प्रथिनं कमी केली आणि क्रिएटिनिन बरीच वर्षं आटोक्यात राहिलं. प्रथिनांचा कचरा किडनीलाच बाहेर टाकावा लागतो. मग किडनी लहान मुलाची असली म्हणून नियम कसा बदलेल? उंची दोन सेंमी कमी राहिली तरी चालेल, किडनी टिकली पाहिजे.

सावली

वाचते आहे. माझ्या पुतणीचंही हेच चालू आहे.

औदुंबर

मी बालरुग्णांच्या किडनी विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रत्येक मुलाचे रिपोर्ट वेगळे असतात, तेव्हा यातलं काहीही स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

कातळदादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो संशोधकांनाही पडला होता. युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून मुलांवर तपासणी केली. एका गटाला प्रथिनं मोजून कमी दिली, दुसऱ्या गटाला नेहमीसारखी. निष्कर्ष १९९७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. किडनीच्या घसरणीचा वेग दोन्ही गटांत सारखाच होता. म्हणजे ज्या फायद्यासाठी मुलाची प्रथिनं काढायची तो फायदाच दिसला नाही. मोठ्या माणसाला आहे ते शरीर सांभाळायचं असतं, मुलाला नवीन हाड, नवीन स्नायू बांधायचा असतो. दोघांना एकच माप लावता येत नाही.

मग किती द्यायची? अमेरिकेतल्या केडोकी मार्गदर्शिकेच्या २००८ च्या आवृत्तीत ४ ते १३ वर्षांच्या मुलाला चौथ्या-पाचव्या टप्प्यात किलोमागे रोज ०.९५ ते १.१५ ग्रॅम असा हिशोब आहे. १३ किलोच्या मुलाला तो साधारण १२ ते १५ ग्रॅम पडतो. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, १०० मिली दुधात ३ ग्रॅमच्या थोडी वर. म्हणजे अंडं हद्दपार करायची गरज नाही, पण मोजाविना द्यायचंही नाही. पुढे २०२० मध्ये मुलांच्या किडनी-आहारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या शिफारशी आल्या. त्यांचाही रोख हाच आहे. उष्मांक त्याच वयाच्या निरोगी मुलाइतके द्यायचे, वजन वाढत नसेल तर वाढवायचे, आणि प्रथिनं त्या वयासाठी सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला ठेवायची. डायलिसिस सुरू झाल्यावर तर प्रथिनं वाढवावीच लागतात, कारण त्यातून ती बाहेर जातात.

आणि उष्मांक कमी पडले तर शरीर खाल्लेली प्रथिनं आणि स्वतःचे स्नायूच इंधन म्हणून जाळतं. त्याने रक्तातला युरिया, म्हणजे प्रथिनांचा कचरा, वाढतो. उपाशी ठेवून किडनीला आराम मिळत नाही, उलटंच होतं.

रानजाई, तुमच्या भाच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. मूत्रमार्गातल्या झडपेमुळे किंवा जन्मजात अपुऱ्या वाढीमुळे बिघडलेल्या किडन्या बऱ्याचदा पाणी आणि मीठ धरून ठेवू शकत नाहीत. लघवी भरपूर होते आणि तिच्यातून सोडियम वाहून जातं. अशा मुलाचं मीठ तोडलं तर त्याची वाढ त्यामुळेच खुंटते. काहींना वरून मीठ औषधासारखं मोजून द्यावं लागतं. रक्तदाब जास्त असलेल्या किंवा सूज येणाऱ्या मुलाचा नियम याच्या अगदी उलट. म्हणून मीठ बंद कुणी केलं आणि कशावरून केलं, हे आधी विचारा.

रानजाई

औदुंबरताई, हे वाचून अंगावर काटा आला. मीठ डॉक्टरांनी बंद केलेलं नाही, घरच्यांनीच केलंय. रक्तदाब व्यवस्थित आहे. आणि पोरगा सतत पाणी मागतो. रात्रीसुद्धा उठून पेला शोधतो. आम्हाला वाटायचं सवयच आहे.

औदुंबर

सवय नाही ती, गरज आहे. पाणी अजिबात तोडू नका. पण पाण्यानेच पोट भरलं की जेवणाला जागा उरत नाही, हे खरं. त्याच्या पिण्यातच उष्मांक घालता येतात का, ते तुमच्या आहारतज्ज्ञांना विचारा. मोजलेलं दूध, किडनीच्या मुलांसाठीची खास पावडर, वरून ग्लुकोजची साखळी असलेली बेचव पावडर, तेल किंवा लोणी. यातलं काय आणि किती, ते रिपोर्टवर ठरेल. रक्तातलं बायकार्बोनेट (आम्लता वाढली की ते कमी होतं) शेवटचं किती होतं?

मोरपीस

माझा अनुभव नळीचा आहे. सांगताना जीव थोडा जड होतो, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

लेकाला जन्मापासून आजार. दूध पाजलं की उलटी, पुन्हा पाजलं की पुन्हा उलटी. एकेक घोट पाजता पाजता दिवस संपायचा आणि वजनाचा काटा जागचा हलायचा नाही. नाकातून नळी घालू या, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा घरात रडारड झाली. सासूबाई म्हणाल्या, "लेकराच्या नाकात नळी घालून का कुणाचं बाळसं वाढतं?"

वाढतं. डोळ्यांनी पाहिलंय. रात्री पंप लावायचो, दूध थेंबाथेंबाने जायचं. आधी नळीतून जरासा पोटातला द्राव ओढून पट्टीवर टाकायचा, रंग पाहायचा, नळी पोटातच आहे याची खात्री झाली की मगच दूध सुरू. गालावरची चिकटपट्टी रोज नव्या जागी, नाहीतर कातडी सोलून निघते. सुरुवातीला हात थरथरायचे, पुढे अंधारातही जमायला लागलं. मुख्य म्हणजे दिवसा घास घेऊन त्याच्या मागे धावणं थांबलं. तो माझ्याकडे बघून हसायला लागला. त्याआधी मी जवळ गेले की तोंड घट्ट मिटायचा.

पुढे पोटावरून नळी बसवली, तिला गॅस्ट्रोस्टॉमी म्हणतात. चेहरा मोकळा झाला. कुणी पोटावरचं डायलिसिस सुरू करणार असेल तर ही नळी त्याआधी बसवता येईल का, हे नक्की विचारा. नंतर बसवली तर पोटात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, असं आम्हाला समजावलं होतं.

शेवंती

मोरपीसताई, हात जोडते तुम्हाला. पण एक भीती विचारते. नळीची सवय लागली की मूल तोंडाने खाणंच विसरतं, असं ऐकलंय.

मोरपीस

ही भीती अगदीच खोटी नाही. काही मुलं खरंच तोंडाला काही लावू देत नाहीत. म्हणून नळी चालू असतानाच तोंडाचा सराव ठेवायचा. नळीतून दूध जाताना चोखणी द्यायची, जेवायला सगळ्यांबरोबर बसवायचं, चमचा हातात द्यायचा, चाटलं तर चाटलं. जबरदस्ती मात्र मुळीच नाही. आमच्याकडे वाचा-उपचार करणाऱ्या ताई हे शिकवायला येत. प्रत्यारोपणानंतर आमचा लेक हळूहळू तोंडाने खाऊ लागला. बहुतेक मुलं तशी वळतात, फक्त दमाने घ्यावं लागतं.

औदुंबर

मोरपीस, फार नेमकं लिहिलंत. यात भर एवढीच की लहान बाळांच्या बाबतीत थांबून पाहणं महागात पडतं. पहिल्या वर्षात निरोगी बाळ साधारण २५ सेंमी वाढतं, आणि दोन वर्षांचं होईतो माणूस आपल्या पूर्ण उंचीच्या जवळजवळ निम्म्यावर पोहोचतो. त्या काळातली वाढ मुख्यतः पोषणावर चालते. पुढच्या बालपणात वाढीच्या संप्रेरकाचा वाटा मोठा होतो, वयात येताना लैंगिक संप्रेरकांचा. पहिल्या दोन वर्षांत गेलेली उंची नंतर भरून काढणं फार अवघड असतं. नळी म्हणजे आईची हार, असं कृपा करून कुणी समजू नका.

अंगण

मी या धाग्यावर दुसऱ्या बाजूने लिहितो आहे. लहानपणी हा आजार मलाच होता. दहाव्या वर्षी प्रत्यारोपण झालं, वडिलांची किडनी मिळाली.

कातळ, उंची दोन सेंमी कमी राहिली तरी चालेल, असं तुम्ही लिहिलंत. तुमचा हेतू मी समजू शकतो. पण वर्गात कायम पहिल्या बाकावर बसणं, खेळताना आपल्याहून लहान मुलांच्या गटात ढकललं जाणं, कॉलेजात गेल्यावरही "बाळ, कितवीत आहेस?" हे ऐकणं, हे सगळं दोन सेंमीत मावत नाही. आणि उंची खुंटणं हा फक्त दिसण्याचा भाग नाही. मूल वाढत नाही, याचा अर्थ आत काहीतरी बिनसलंय. मोठं झाल्यावर हे मला कुणीतरी समजावलं, तेव्हा आईवडील दर भेटीला उंची मोजायचा हट्ट का धरायचे ते कळलं.

मला वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं मिळाली. रोज संध्याकाळी, मांडीत. आधी आई द्यायची, मग मी स्वतः घ्यायला शिकलो. बारीक सुई असते, दुखणं क्षणभराचं. त्या वर्षांत कपडे आखूड व्हायला लागले आणि आईला नवे कपडे घ्यावे लागतात याचाच कोण आनंद व्हायचा! उंची अगदी मित्रांएवढी झाली नाही, पण पुष्कळ सावरली.

चकोर

अंगण, मनापासून लिहिलंत. एक विचारते, या मुलांच्या शरीरात ते संप्रेरक कमी असतं का?

औदुंबर

कमी नसतं, हीच गंमत आहे. रक्तात ते पुरेसं किंवा जास्तच असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. आयजीएफ-१ नावाच्या ज्या दुसऱ्या संप्रेरकामार्फत ते हाडांवर काम करतं, त्याला बांधून ठेवणारी प्रथिनं या आजारात रक्तात साचतात. त्यामुळे कामाला मोकळं आयजीएफ-१ कमी उरतं. बाहेरून जास्त मात्रा देऊन ही अडवणूक मोडायची, असा तो उपचार. अमेरिकेत त्याला १९९३ मध्ये मान्यता मिळाली. २०१९ च्या युरोपीय शिफारशींनुसार वय सहा महिन्यांच्या पुढे असेल, उंची तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली (म्हणजे त्या वयाच्या शंभरातल्या सर्वांत बुटक्या तिघांत) असेल आणि वाढीचा वेगही मंद असेल तर त्याचा विचार करतात. पण त्याआधी पोषण, रक्तातली आम्लता आणि हाडांचा आजार सुधारलेला असावा लागतो. उपाशी मुलाला इंजेक्शन देऊन उंची मिळत नाही.

कातळ

अंगण, तुमचं लिहिणं मनात राहील. औदुंबरताई, प्रथिनांचं पटलं. पण अंडं, दूध, मांस म्हणजे फॉस्फरसही आलाच. त्याचं काय? वडिलांना शेवटी हाडांचा त्रास फार झाला होता.

औदुंबर

दादा, बरोबर जागी बोट ठेवलंत. फॉस्फरस वाढला की गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी चवताळते आणि हाडं पोखरली जातात. पण फॉस्फरस कुठून आला यावर बरंच अवलंबून आहे. धान्यं आणि कडधान्यांतला फॉस्फरस फायटेट या न पचणाऱ्या रूपात अडकलेला असतो, त्यातला बराचसा तसाच बाहेर जातो. दूध-मांसातला त्याहून जास्त शोषला जातो. आणि डबाबंद, टिकाऊ पदार्थांत वरून घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळाच रक्तात उतरतो. म्हणून आधी कात्री लावायची ती प्रक्रिया केलेलं मांस, पसरवायचं चीज, काळी कोला पेयं यांना. वेष्टनावर ई ३३८ ते ३४३ किंवा ई ४५० ते ४५२ हे आकडे दिसले तर ते फॉस्फेट समजा. एवढं केलं तर अंडं-दूध मोजून ठेवता येतं. अंड्याच्या पांढऱ्यात तर प्रथिनांच्या मानाने फॉस्फरस फारच कमी.

तरीही वाढला तर फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या असतात. त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या. रिकाम्या पोटी घेतल्या तर बांधायला समोर काही नसतंच.

चकोर

आमच्या लेकीने त्या गोळ्यांना "पकडापकडी" नाव ठेवलंय. डबा उघडला की मैत्रिणींना सांगते, "थांबा, आधी माझ्या पकडापकडीला सोडते!" शाळेतल्या बाईंनाही आता पाठ झालंय.

शेवंती

किती गोड! 😊 चकोरताई, पोटॅशियमचं काय करता? फळं पूर्ण बंद?

चकोर

नाही हो. तिचं पोटॅशियम व्यवस्थित असतं तोवर फळं चालू असतात. एकदा वाढलं होतं तेव्हा बटाटे सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकायला सांगितलं होतं. फळांचे रस बंद केले, पण सफरचंद चालू राहिलं. पुढचा रिपोर्ट बरा आल्यावर थोडं सैल केलं.

औदुंबर

पोटॅशियम वाढलं की लगेच ताटाकडे पाहतात. आधी बाकीचं पाहावं. रक्त घेताना मूल रडून, हात आवळून नमुन्यातल्या पेशी फुटल्या का? शौचाला होत नाहीये का? आम्लता वाढली आहे का? रक्तदाबाच्या काही औषधांनीही वाढतं. आणि कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ या मुलांना देऊच नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

पाणवठा

मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. सगळे खाण्यावर बोलताहेत, मी मोजण्यावर बोलते.

चार वर्षांचं निरोगी मूल वर्षाला ६-७ सेंमी वाढतं, म्हणजे तीन महिन्यांत दीड सेंमीच्या आसपास. मोजताना बूट राहिले, वेणी वर आली, टाच उचलली गेली, तर तेवढी चूक सहज होते आणि मूल वाढतंय की थांबलंय हेच कळत नाही. टाचा, नितंब आणि पाठ फळीला टेकलेली, नजर समोर सरळ, गुडघे वाकलेले नाहीत, आणि डोक्यावरची सरकपट्टी केस दाबून कवटीला टेकेपर्यंत खाली. मी दोनदा मोजते. फरक पडला तर तिसऱ्यांदा. दोन वर्षांच्या आतलं बाळ झोपवून मोजायचं, त्यापुढे उभं करून. झोपवून घेतलेलं माप साधारण ०.७ सेंमी जास्त भरतं, म्हणून पद्धत बदलली की तक्त्यात घसरण झाल्यासारखी दिसते. डोक्याचा घेरही लहान बाळांत सोडू नये.

शिवाय मुलांच्या किडनीचा टक्का आपण ज्याला म्हणतो तो जीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा वेग, उंचीवरूनच काढतात. श्वार्ट्झ यांचं २००९ चं सूत्र आहे: ०.४१३ गुणिले उंची, भागिले क्रिएटिनिन. रानजाईंच्या भाच्याचे आकडे घातले तर २४ च्या जवळ येतो. त्यात एक खोच आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. मूल वाळत गेलं तर क्रिएटिनिन खाली येतं आणि किडनी सुधारली असा भास होतो. म्हणून क्रिएटिनिन कमी आलं की मी आधी दंडाकडे बघते. सूज असेल तर वजनही फसवं, सुजेचं पाणीसुद्धा काट्यावर चढतं.

सावली

पाणवठाताई, हे दंडाचं कुणीच सांगितलं नव्हतं. पुतणीचं क्रिएटिनिन कमी आलं म्हणून घरात आनंद होता, पण तिचे हात काड्यांसारखे झालेत. उद्याच वहिनीला फोन करते.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा बहिणीला वाचून दाखवला, मग तिच्या सासऱ्यांनाही. भाच्याची भेट नुकतीच झाली. औदुंबरताई, तुम्ही विचारलं होतं ते बायकार्बोनेट १७ निघालं.

औदुंबर

१७ म्हणजे बरंच कमी. २२ च्या वर हवं. आम्लता असेल तर स्नायू झिजतात, हाडातलं कॅल्शियम निघतं, भूक मरते आणि वाढीचं संप्रेरकही नीट काम करत नाही. खाऊ घालूनही अंगी लागत नाही ते बऱ्याचदा यामुळे. काही सुरू केलं का?

रानजाई

हो, सोडियम बायकार्बोनेट दिवसातून तीनदा, आणि थोडं मीठ मोजून. दूध परत आलं, मापाच्या पेल्याने. अंडं एका दिवसाआड. प्रत्येक जेवणात वरून लोणी किंवा तेल. फॉस्फरस सध्या मर्यादेत आहे, म्हणून त्याची गोळी नाही. पोटॅशियमही ठीक, म्हणून केळं लपवायची गरज नाही, फक्त अर्धं द्यायचं. महिन्याने वजन-उंची. तोवर तोंडाने पुरेसं गेलं नाही तर नळीचं बोलू, असं डॉक्टर म्हणाले. मोरपीसताईंचं वाचल्यापासून बहीण त्या शब्दाला घाबरत नाही. तिने विचारलंय, तुमच्याशी बोलता येईल का?

मोरपीस

अगदी केव्हाही. निरोप पाठवा. पट्टी कशी चिकटवायची ते व्हिडिओवर दाखवते.

कातळ

रानजाई, भाच्याला आशीर्वाद. मोजमापाची वही ठेवा. वडिलांची मी ठेवायचो, डॉक्टरांना फार उपयोग व्हायचा.

शेवंती

एक शेवटचं. ताकदीसाठी बाजारातलं मल्टिव्हिटॅमिन सिरप दिलं तर चालेल ना? त्यात तोटा काय होणार?

औदुंबर

शेवंती, विचारलंत ते बरं केलंत. सरसकट देऊ नका. जीवनसत्त्व अ या आजारात शरीरात साचत जातं आणि नेहमीच्या सिरपमध्ये ते असतंच. बी गटातली आणि सी डायलिसिसमध्ये निघून जातात, म्हणून त्या मुलांना किडनीसाठी बनवलेली वेगळी जीवनसत्त्वं देतात. डी मात्र मोजून पाहावं, बऱ्याच मुलांत कमी निघतं. वनस्पतींच्या पावडरी आणि काढे तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोतच. करमळ, म्हणजे कमरख किंवा स्टार फ्रूट, हे फळही या मुलांना अजिबात देऊ नका, त्यातलं विष खराब किडनीला बाहेर टाकता येत नाही आणि ते मेंदूवर जातं. सिरपची बाटली पुढच्या भेटीला सोबत न्या आणि मागचं लेबल त्यांना दाखवा.